पोक्याची बाजू

भाचीबाईंनी काल भाऊ पाध्यांचं वासूनाका हे पुस्तक परत आणून दिलं. दिलं म्हणजे काय, चपला काढता काढताच फ्रीजवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, वाचलं हं. भाषा एकदम कडक. पण एक सांग, तू कॉलेजात असताना वाचलंस ना हे, मग तू कुठे होतीस यात?" मला आधी प्रश्नच कळला नाही, मी म्हटलं कुठे म्हणजे, माळ्यावर. ती हसली नाही. "तसं नाही गं. पोक्या आणि त्याची गँग नाक्यावर उभी असते आणि समोरून पोरी जातात. तू नाक्यावर होतीस की समोरून जात होतीस?" आणि मग चहा पिऊन, वाटीभर चिवडा खाऊन, चार्जर इथेच विसरून निघून पण गेली.

रात्री झोप नाही. हे घोरतायत, खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजतोय, आणि मी आपली पडल्या पडल्या तू कुठे होतीस, तू कुठे होतीस.

खरं सांगायचं तर मी वेगळ्याच तयारीत होते. पुस्तक देताना केवढा आव आणला होता मी. म्हटलं जपून वाच, लोकलमध्ये काढू नकोस, आईच्या हातात पडू देऊ नकोस, फार गाजलेलं प्रकरण आहे हे. मला वाटलेलं दोन दिवसांत फोन येईल, "मावशी काय आहे हे, बापरे!" मग मी म्हणणार, बघ, आम्ही असलं वाचायचो, तुम्हाला वाटतं आम्ही नुसत्या वेण्या घालून भोंडल्याची गाणी म्हणत होतो. तिने काय केलं, तर ठाणा स्लोमध्ये उभ्याने वाचलं, लेडीज डब्यात, कव्हरबिव्हर न घालता. शेजारच्या बाईने एकदा नाव बघितलं म्हणे आणि परत आपल्या रील्सकडे वळली. शिव्या? शिव्यांचं तिला काहीच नाही, वेब सिरीजमध्ये नावं पडायच्या आत त्याच्या दुप्पट होतात. आमच्या वेळचा सुतळी बॉम्ब हिच्या हातात टिकलीएवढाही वाजला नाही.

इथपर्यंत असतं तरी मी सोडून दिलं असतं. दोन दिवस कुढले असते की आमच्या पिढीचं सगळं फुकट गेलं, आम्ही जे चोरून केलं ते ह्या उघड्यावर करतात आणि वर जांभया देतात. असं कुढायला बरं वाटतं पण, त्यात एक मजा असते. तिने तीही ठेवली नाही. तिला धक्का बसलाच होता, फक्त जिथे मी बोट दाखवत होते तिथे नाही बसला. शिव्यांची पानं ती हसत वाचून गेली आणि जिथे मी हसले होते तिथे ती थांबली.

मी वाचलं तेव्हा ते पुस्तक वीसेक वर्षं जुनं झालेलं होतं. 1965 सालचं. दादाने कुठून तरी आणलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर आणि त्यावर निळ्या शाईत ठळक अक्षरात 'सहकार'. दादा बी.कॉम.ला होता त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आई दळण टाकायला गेली की मी माळ्यावर. चाळीस वॉटचा दिवा, गोधड्यांचा ढीग, डांबरगोळ्यांचा वास, आणि मी तोंडात गोधडीचं टोक कोंबून हसतेय, कारण खाली आजी जपाला बसलेली. काय हसायचे मी! तोवर मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतली माणसं पुण्याच्या पेठेत राहिल्यासारखी बोलायची, प्रेमाचं बोलताना तर जास्तच. आणि हे भाऊ पाध्ये बेधडक आमच्या गॅलरीच्या खालचं ऐकू येणारं लिहून मोकळे झालेले, तीच हेल काढून बोलायची ढब, तेच निम्मं हिंदी, अर्धवट राहिलेली शिक्षणं, नोकरी नाही, जागा नाही, दिवसभर नाक्यावर. आमच्या चाळीचं कुणीतरी पुस्तक केलं असं वाटलं मला. अजूनही वाटतं. त्याबाबतीत मी भाचीबाईंचं काही ऐकून घेणार नाही.

पण नाका माझाही होता ना. मी तिथून रोज जायचे. सकाळी दुधाच्या केंद्रावर जाताना खाली नाक्यावर ते चौघेपाचजण, पानवाल्याच्या बाजूच्या कठड्यावर. मी जाताना बाटल्यांची ती जाळीची पिशवी एका हातात सहज झुलवत जायचे आणि येताना भरलेली असली की दोन्ही हातांनी छातीशी धरून. जड म्हणून नव्हे. नजर कुठे ठेवायची तेही ठरलेलं, समोरच्या इराण्याच्या पाटीवर, पाटीवरची अक्षरं वाचत वाचत चालायचं म्हणजे कान आपोआप बंद होतात असा माझा समज होता. होत नव्हते. एकाने माझं एक नाव ठेवलेलं, ते मी इथेही लिहिणार नाही. पावसाळ्यात मागच्या गल्लीने जायचे, गुडघाभर पाणी असलं तरी, आई विचारायची एवढी भिजलीस कशी.

आणि मग घरी येऊन, केस पुसून, माळ्यावर चढून मी पोक्याच्या बाजूने वाचत होते. तीच मी. सकाळी जे ऐकायला नको म्हणून अख्ख्या गल्लीला वळसा घालायचा तेच दुपारी खुसूखुसू हसत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि काल सव्वीस वर्षांच्या पोरीने फ्रीजजवळ उभं राहून एका वाक्यात तो जोडून दिला.

राग तिचाच आला आधी. आताची मुलं प्रत्येक पुस्तकाची झडती घेतात असं ह्यांना म्हटलं सुद्धा सकाळी पोहे परतताना. ह्यांना कोर्टाचा विषय निघायला निमित्त लागत नाही, सगळी नोकरी त्याच आवारात गेली. म्हणाले, झडती आता घेतात होय? आणि सुरू. 1959च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका बुक स्टॉलवर पोलिसांनी खोटं गिऱ्हाईक पाठवलं, त्याने लॉरेन्सचं लेडी चॅटर्लीज लव्हर मागितलं, दुकानदाराने दिलं, झालं, अश्लीलतेचं कलम 292. स्टॉलचे चार भागीदार, प्रत्येकी वीस रुपये दंड. त्यातला एक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1964मध्ये तिथेही हरला. लेखक मुल्कराज आनंदांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली होती तरी. तिकडे लंडनमध्ये तर 1960लाच ज्युरीने त्याच पुस्तकाच्या प्रकाशकाला, पेंग्विनला, निर्दोष सोडलेलं, म्हणजे ज्यांचं पुस्तक त्यांना चालत होतं आणि आपल्याला नाही. मग चंद्रकांत काकोडकरांचं. रंभा मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात त्यांची श्यामा ही गोष्ट आली, खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला, आणि 1969ला सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलतायत असंही निकालात म्हटलं. म्हणजे चॅटर्लीपेक्षा आपली श्यामा पाच रुपयांनी महाग, हे म्हणाले आणि स्वतःच हसले. पोह्यांना मीठ कमी आहे हेही म्हणाले.

मला त्यातलं एकच डोक्यात राहिलं. ह्यांनी सांगितलं की तेव्हा कसोटी काय लावायचे, तर ज्यांची मनं असल्या गोष्टींनी बिघडू शकतात अशांच्या हातात हे पडलं तर काय होईल. 1868 सालच्या कुठल्या विलायती खटल्यातली ती कसोटी, आपल्याकडे शंभर वर्षांनीही तीच. म्हणजे काळजी सगळी वाचणाऱ्याची. तो बिघडेल, ती बिघडेल, तरुण पिढीचं काय होईल. वासूनाक्यावर अत्र्यांनी आग पाखडली तीही त्याच अंगाने, मराठी साहित्यात ही घाण आली कुठून. अत्रे! त्यांच्या तरी कुठे जिभेला हाड होतं? ज्याला धरतील त्याची सालटी काढायचे आपल्या 'मराठा' दैनिकात. पण असो, मोठा माणूस. मुद्दा हा की ओरडणारे सगळे पुस्तकाच्या भाषेवर ओरडले, आणि बाजू घेणारेही भाषेचीच बाजू घेत राहिले, जिवंत आहे, अस्सल आहे, महानगरी आहे. आहेच. पण त्या नाक्यावरून बाटल्या घेऊन जाणारीला काय वाटत असेल हे ना ओरडणाऱ्यांनी विचारलं ना बाजू घेणाऱ्यांनी. आणि मी तर स्वतःच बाटल्या घेऊन जाणारी, मीही नाही विचारलं.

का नाही, याचा दिवसभर विचार करतेय. भांडी घासताना, बँकेच्या रांगेत, सगळीकडे. एक उत्तर येतं आणि मग ते पुरत नाही.

एक म्हणजे तेव्हा पुस्तकातल्या मुलींची बाजू फार कंटाळवाणी होती. हे लिहायला बरं वाटत नाही पण आहे. आम्हाला मुलींची म्हणून जी पुस्तकं दिली जायची त्यात यमू असायची, हरिभाऊ आपट्यांची, पण लक्षात कोण घेतो मधली, लहानपणी लग्न, वैधव्य, केशवपन, सगळं. 1890च्या पुढे करमणूक साप्ताहिकात क्रमशः यायचं तेव्हा त्यानेही लोक हादरले असणारच. मी ती रडत वाचली आणि मिटून ठेवली. मुलगी व्हायचं तर सोसायचं, आणि लेखकाला आपली दया येईल इतपत चांगलं सोसायचं. आणि इकडे पोक्या. खिशात दमडी नाही आणि सगळी मुंबई बापाची असल्यासारखा फिरतो, रात्री कधीही घरी येतो, तोंडाला येईल ते बोलतो. सतरा वर्षांच्या मुलीने काय निवडावं? मला नाक्यावर उभं राहायचं होतं. खरोखरच्या नाक्यावर मला कुणी उभं राहू दिलं नसतं, पुस्तकातल्या दिलं. माझ्या हिशोबी ते स्वातंत्र्य होतं, आणि त्या समोरून जाणाऱ्या पोरी... त्या मला दिसल्याच नाहीत असं नाही. दिसल्या. मला त्या मी नको होते.

हे लिहून बराच वेळ पेन (म्हणजे फोन) बाजूला ठेवला होता. दादाचंही काहीतरी आठवत होतं, त्या कठड्यावरचं, ते राहू दे.

तर दुसरं पुस्तक. वासूनाक्याबरोबर मी तिला हिंदोळ्यावर पण दिलं होतं, खरं तर वजनाला म्हणून, नुसतं एकच चावट पुस्तक दिलं असं व्हायला नको. विभावरी शिरूरकर, 1934. हे ती वाचेल अशी मला आशाच नव्हती, ती भाषा, ते लांबलचक विचार. आमच्या आजीच्या काळचं वादळ ते. आधी 1933ला कळ्यांचे निःश्वास आलं, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं, आणि लोक नुसते ही विभावरी कोण म्हणून शोधत सुटले. बाई असेल का, पुरुषच असणार, बाई असलं लिहील कशी. मालतीबाई बेडेकर होत्या. आणि मग वर्षभरात हिंदोळ्यावर, त्यात अचला, नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसऱ्यावर जीव, लग्न करता येत नाही आणि मूल हवं. मी वाचलं तेव्हा मला ते शाळेतल्या बाईंनी सांगितल्यासारखं वाटलेलं, जुनं, गंभीर, ठीक आहे.

भाचीबाईंनी ते परत आणलेलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "ते त्याला देणारे वाचायला." त्याला म्हणजे त्याला. म्हटलं त्याला मराठी वाचता येतं? तर म्हणे, "मी वाचून दाखवीन, झोपतो की नाही बघते." आणि मग एकदम, "मावशी, तिने डिव्होर्स का नाही घेतला गं?" मी म्हटलं बाई, होता कुठे? कायद्याने हिंदू बायकांना घटस्फोट मुंबई प्रांतात 1947 साली आला आणि सगळ्या देशात 1955ला. त्याआधी पुष्कळ जातींत काडीमोड होती, आपल्यासारख्या घरांत तीही नाही, शिकलेल्या घरांची पंचाईत जास्त. ती म्हणाली, "म्हणजे बिचारी लिव्ह-इन करतेय कारण लग्न करता येत नाही. आणि आम्हाला लग्न नाही म्हणून लिव्ह-इनला घर देत नाही कोणी. सेम तर आहे."

सेम नाही, मी म्हणणार होते. पण मग तिने घराची कथा सांगितली आणि मी गप्प. सहा महिने झाले म्हणे शोधतायत. लोअर परळला ऑफिस, म्हणून परळ, करी रोड, माटुंगा, जमलं तर वडाळा. ब्रोकर फोनवर पहिलं विचारतो, फॅमिली की बॅचलर? ही म्हणते कपल. तो म्हणतो मॅरिड? ही म्हणते होणार आहोत. मग तो म्हणतो मॅडम, सोसायटीचा इश्यू आहे. एका ठिकाणी सगळं ठरलं, डिपॉझिट बोलून झालं, आणि सेक्रेटरीकाकांनी मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. हिने विचारलं, काका, तुमच्याकडे सगळ्यांची आहे का फाईलला? ते घर गेलं. दुसरीकडे नुसतं तिला एकटीला द्यायला तयार, पण रात्री नऊनंतर पुरुष व्हिजिटर चालणार नाही. लग्न कर ना मग, मी म्हणाले, सवयीने. तिने माझ्याकडे असं बघितलं. म्हणाली, "घरासाठी?"

ताईला यातलं काही माहीत नाही. तो वेगळाच विषय आहे.

तर असं झालं. जे पुस्तक मी जपून, लपवून, डोळे मोठे करून दिलं त्याला ती म्हणते भाषा कडक, आणि जे मी ओझं म्हणून दिलं ते तिच्या पर्समध्ये आहे, करी रोडला घर बघायला जाताना. लोक विचारतात ना ही जुनी गाजलेली पुस्तकं आज कोण वाचणार, त्यात आता धक्का कसला. मला वाटतं त्याचा पुस्तकाशी कमी आणि आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी जास्त संबंध आहे. तो जोवर झेरॉक्स मागतोय तोवर अचला चालू राहणार. श्यामाचं तसं काही राहिलेलं नाही. एक कवी आणि तीन बायका, यावर आता कुणी पंचवीस पैसेही दंड करणार नाही. काकोडकर सर्क्युलेटिंग लायब्ररीतून हातोहात जायचे, एक पुस्तक परत आलं की दोघं टपलेले. ती लायब्ररी पण गेली, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

आणि वासूनाका? ते मला अजून ठरवता येत नाहीये. संध्याकाळी परत उघडलं, जरा भीत भीतच. पहिल्या काही पानांत परत हसले. आता मला थांबायचं कुठे ते ठाऊक होतं, तरी हसले, आणि मग ती थांबली असेल तिथे थांबले. तिने पेन्सिलने समासात खुणा केल्यायत, नुसत्या उभ्या रेघा, बाकी काही लिहिलेलं नाही. एका रेघेपाशी मी बराच वेळ होते. ती मुलगी पानभर सुद्धा नाही, येते आणि जाते, पोक्या तिच्याबद्दल जे बोलतो ते बोलतो. पण भाऊंनी तिला तिथून जाताना दाखवलंय हे तर खरं ना? नुसत्या शिव्याच लिहायच्या असत्या तर ती मुलगी कशाला लागली असती. पोक्या स्वतःला लपवत नाही, आपण कसे आहोत ते तो सगळं ओकतो, आणि ते वाचून आज एक पोरगी रेघ ओढते. मग हे पुस्तक पोक्याच्या बाजूचं की त्याच्यावर उलटलेलं? हे भाऊंना विचारायला हवं होतं, ते 1996लाच गेले. अत्रे तर कधीच. विचारायला कुणी उरलेलं नाही, म्हणजे परत भाचीबाईंशीच वाद घालायला हवा, आणि ती म्हणणार मावशी, तू अजून त्यांचीच बाजू घेतेस. घेते. थोडी घेते. सगळी सोडवत नाही.

ते कठडेवाले तरी आता कुठे आहेत म्हणा. चाळ पाडून टॉवर आला, खाली वॉचमनची केबिन. एकजण भेटला होता मधे, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला, वाकून नमस्कार केला मला. मी आत जाऊन पाणी आणलं.

दुपारी तिचा मेसेज आला, चार्जर राहिला, रविवारी येतेच. आणि पुढे, "रविवारी फ्री आहेस ना? वडाळ्याला एक घर आहे, ओनर मराठी आहे, काकू आहेत एकट्या. ब्रोकर म्हणाला घरचं मोठं माणूस सोबत असलं तर होऊन जाईल. आईला नाही नेऊ शकत. तू चल."

म्हणजे मी आता चारित्र्याचा दाखला. माळ्यावर सहकाराच्या कव्हरात वासूनाका वाचणारी मी, मॅरेज सर्टिफिकेटच्या झेरॉक्सऐवजी. म्हटलं ठीक आहे, येते, साडी कुठली नेसू? तिचं लगेच उत्तर, "जी बघून काकूंना वाटेल की या बाईने आयुष्यात हरिपाठाशिवाय काही वाचलेलं नाही." नारायणपेठ इस्त्रीला टाकलीय.